आयुष्मान कार्डासाठी आईने अंगठा दिला, खात्यातून पैसे गेले

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या नागपूरच्या सक्करदऱ्यात, गल्लीच्या टोकाच्या मंदिराच्या मंडपात दोन पोरं टेबल टाकून बसली. मागे आयुष्मान भारतचा फ्लेक्स, गळ्यात ओळखपत्रं. ‘सत्तरीच्या वरच्यांना पाच लाखांपर्यंत इलाज फुकट’ असं सकाळपासून ऑटोवरून ओरडून सांगत होते. ते खरंच होतं, म्हणून तर आम्ही फसलो. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढता येतं.

आई ७३ वर्षांची. मी ड्युटीवर होतो, ती शेजारच्या काकूंसोबत गेली.

“आजी, उत्पन्नाचा दाखला आहे का?”

नाही म्हटल्यावर पोरगा म्हणाला, “मग नाव बसत नाही. तीनशे द्या, मी बसवून देतो.” मग विचारलं, “खातं कोणत्या बँकेत? इलाजाचे पैसे तिथंच येतील.” आईने सांगितलं. नंतर मशीनवर अंगठा. “पकडत नाही आजी, पुसून परत ठेवा.” असं चारदा झालं. आईच्या बोटांच्या रेषा कामाने झिजल्या आहेत, तिला वाटलं आपल्यामुळेच त्याला त्रास होतोय. लॅमिनेट केलेलं कार्ड तिने घरी आणून देवापुढे ठेवलं.

जूनमध्ये ती न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात आरोग्यमित्राने, म्हणजे या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाने, कार्डाचा नंबर टाकला, तर नाव दुसऱ्याच बाईचं! स्ट्रेचरवरून आई सारखी म्हणत होती, “अरे, मी तीनशे रुपये दिले आहेत ना.” त्याच आरोग्यमित्राने तिथंच खरं कार्ड काढून दिलं. आधार, मोबाइलवर आलेला ओटीपी आणि फोटो, बस्स. दाखला मागितला नाही, एक रुपया घेतला नाही, अंगठाही लागला नाही. ऑपरेशन त्यावरच झालं.

पासबुक भरून आणलं तेव्हा बाकीचं कळलं. शिबिराच्याच दिवशी दोन वेळा मिळून १८,५०० रुपये निघाले होते. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर खात्यातून पैसे काढता येतात. त्याला एटीएम लागत नाही, पिन लागत नाही. खात्याला बाबांचा बंद पडलेला नंबर जोडलेला, त्यामुळे मेसेजही आला नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार केली, बँकेत अर्ज दिला. पैसे अजून आलेले नाहीत.

कार्डासाठी कोणी बँक विचारली तर तिथून उठा. इलाजाचे पैसे सरकारकडून दवाखान्याला जातात, आपल्या खात्यात येतच नाहीत. कार्ड आयुष्मान ॲपवर घरी निघतं, शंका असली तर आयुष्मानच्या १४५५५ नंबरवर विचारा. आईचं बायोमेट्रिक, म्हणजे आधारवरचे अंगठ्याचे ठसे वगैरे, मी आता आधारच्या ॲपमधून लॉक केलं आहे, ते फुकट होतं.

राग मला आणखी एका गोष्टीचा येतो. उत्पन्नाची अट सरकारने काढली, पण ते माझ्या आईला कोणी येऊन सांगितलं नाही. आशाताईंनी एकदा घरी येऊन एवढंच सांगितलं असतं, तर त्या पोराला दाखल्याची भीती घालता आली नसती.

काल काकूंचं पासबुक भरून आणलं. त्याच तारखेला त्यांच्या खात्यातून सात हजार गेले आहेत.