एलईडी, पंखे, एसी की सोलर? आठ माणसांच्या ऑफिसात पहिला पैसा कुठे घालायचा

हिशेबासाठी समोर एक ऑफिस धरू. पुण्यात मंडईजवळच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर करसल्लागाराचं कार्यालय. आठ माणसं, आठ डेस्कटॉप, चोकवाल्या आठ जुन्या ट्यूबलाइट, सहा पंखे आणि दीड टनाचा एक दहा वर्षांचा एसी. वर्षाला २८० दिवस, रोज नऊ तास काम. माझ्या ऑफिसचं चित्र परवापरवापर्यंत जवळपास असंच होतं. अशा ठिकाणी वर्षाला साधारण ५,७०० युनिट वीज जाते.

दर व्यापारी असतो, घरगुती नव्हे. मी युनिटला १२ रुपये धरतोय. तुमचा आकडा महावितरणच्या बिलातूनच काढा: स्थिर आकार वगळा आणि उरलेल्या रकमेला युनिटने भागा. स्थिर आकार वगळायचा, कारण वीज वाचवली तरी तो चुकत नाही. विक्रेते हिशेब दाखवताना नेमकं हेच विसरतात.

आता पर्याय शेजारी शेजारी मांडतो. किमती बाजारातल्या ढोबळ आहेत. बीएलडीसी म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा.

| काय | खर्च (रु.) | वर्षाला युनिट | पैसे वसूल |
|---|---|---|---|
| ८ एलईडी ट्यूब | २,००० | ५६० वाचतात | ४ महिने |
| ६ बीएलडीसी पंखे | १८,००० | ५८० वाचतात | अडीच वर्षं |
| एसी २० ऐवजी २५ अंशांवर | ० | ३६० वाचतात | लगेच |
| नवा ५-स्टार इन्व्हर्टर एसी | ४५,००० | ४५० वाचतात | ८ वर्षं |
| ३ किलोवॅट सोलर | १,८०,००० | ४,३०० तयार होतात | साडेतीन वर्षं |

ट्यूबलाइटबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जुनी ३६ वॉटची ट्यूब चोकसकट ४८ वॉटच्या आसपास खाते, एलईडी २० वॉटमध्ये भागवते. अजून बदलल्या नसतील तर संध्याकाळी इलेक्ट्रिशियनला फोन करा.

पंखे आणि एसी हा खरा सामना आहे. साधा छताचा पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी ३० वॉट. पंख्यामागे वाचतात फक्त ४५ वॉट, म्हणून कुणी त्याकडे लक्ष देत नाही. पण पुण्यात थंडीचे काही आठवडे सोडले तर पंखा वर्षभर फिरतो, एसी मात्र मार्च ते जून आणि ऑक्टोबर असे पाचच महिने. त्यामुळे १८ हजारांचे पंखे ४५ हजारांच्या एसीपेक्षा जास्त युनिट वाचवतात. मी हे गणित दोनदा तपासलं, कारण मला स्वतःलाच पटत नव्हतं.

एसीची बचत तक्त्यात एवढी कमी का दिसते तेही सांगतो. एसी २० अंशांवरच ठेवायचा असेल तर नवं यंत्र जुन्यापेक्षा वर्षाला ६०० युनिट वाचवेल. पण एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. पाच अंशांत पाव हिस्सा तरी आपोआप जातो, आणि मग वाचवायला मागे उरतं तेच कमी. फुकटची बचत आधी केली की महागडी बचत आणखी महाग पडते. २५ अंशांत उकडतं, अशी तक्रार येणारच. डोक्यावर पंखा फिरत असेल तर ती दोन दिवसांत थांबते. स्टार लेबल असलेले घरगुती एसी २०२० पासून सुरू होतानाच २४ अंशांवर येतात, म्हणजे आपण काही फार जगावेगळं करत नाही. ऑफिसातला रिमोट कुणाच्या टेबलावर असतो, यावर मात्र बरंच अवलंबून आहे.

मग नवा एसी घ्यायचाच नाही? एका परिस्थितीत जरूर घ्या. तुमच्या एसीत दर एक-दोन उन्हाळ्यांनी गॅस भरावा लागत असेल तर तो गॅस हवेत जातो आहे. आर-४१०ए हा गॅस एक किलो सुटला तर त्याची तापवण्याची ताकद सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडएवढी. आपल्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे दीड टनी एसीतला किलोभर गॅस गळला की सहा पंख्यांनी पाच वर्षांत वाचवलेलं सगळं पाण्यात. वीजबिलात हे कधीच दिसत नाही. तेव्हा एसीवाल्याला ‘गॅस टाका’ म्हणू नका, ‘गळती शोधा’ म्हणा. सांधा दुरुस्त होत नसेल तरच बदला, आणि नवा घेताना लेबलवर गॅसचं नाव वाचा: आर-३२ची ताकद आर-४१०एच्या एक तृतीयांश आहे, आर-२९०ची नगण्य. जुना एसी काढताना गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेणारा माणूस शोधा. बहुतेक जण व्हॉल्व्ह उघडून मोकळे होतात.

सोलरचा आकडा तक्त्यात सगळ्यात देखणा आहे. एक किलोवॅटला शंभरेक चौरस फूट मोकळं छत लागतं आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. नेट मीटरिंगमुळे, म्हणजे जादा वीज महावितरणला देऊन बिलात वळती करून घेता येत असल्यामुळे, रविवारची वीजही वाया जात नाही. पण दोन गोष्टी आधी समजून घ्या.

पहिली म्हणजे जाहिरातीतलं अनुदान तुमच्यासाठी नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतले कमाल ७८ हजार रुपये फक्त निवासी जोडणीला मिळतात. व्यापारी जोडणीला त्याऐवजी प्राप्तिकरात सोलरवर ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे किमतीचा तेवढा भाग वर्षाच्या खर्चात धरून करपात्र नफा कमी करता येतो. नफा असेल तर तो उपयोगी, नसेल तर कागदावरच. दुसरी गोष्ट क्रमाची. आज सोलर बसवायला गेलात तर ५,७०० युनिटसाठी ४ किलोवॅट लागेल. ट्यूब, पंखे आणि एसीचं तापमान एवढं आधी उरकलंत तर खप ४,२०० वर येतो आणि ३ किलोवॅट पुरतं. २० हजार रुपयांच्या कामाने सोलरचे ६० हजार वाचतात. हे तुम्हाला सोलरवाला सांगणार नाही, त्याला चार किलोवॅट विकायचेत.

गाळा भाड्याचा असेल तर सोलर विसरा. अकरा महिन्यांच्या करारावर पंचवीस वर्षांची पॅनल बसवू नयेत. भाडेकरूसाठी दुसरी वाट आहे: महावितरणची हरित वीज. युनिटमागे ६६ पैसे जादा भरून सगळी वीज अपारंपरिक स्रोतांतली घ्यायची सोय राज्य वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये मंजूर केली. त्या दराने ४,२०० युनिटला वर्षाचे पावणेतीन हजार होतात. सध्याचा दर उपविभागीय कार्यालयात विचारा. तारेतून येणारी वीज तीच, बदलतो तो हिशेब. सोलरइतकं समाधान यात नाही, पण गुंतवणूक शून्य आणि ऑफिस बदललं तरी नुकसान नाही. पंखे मात्र भाडेकरूनेही खुशाल घ्यावेत. जाताना काढून नेता येतात.

कॉम्प्युटरचं उत्तर वेगळं आहे. डेस्कटॉपच्या जागी लॅपटॉप आले तर यंत्रामागे वर्षाला दीडशे युनिट वाचतात, पण नवा लॅपटॉप तयार होतानाच दोन-तीनशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. त्याची भरपाई व्हायला दोन-तीन वर्षं जातात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अनेक ऑफिसांतून धडधाकट यंत्रं भंगारात निघाली. काढण्याआधी यंत्र विंडोज ११ वर जातं का ते पाहा. जात असेल तर हार्डडिस्कच्या जागी वेगवान एसएसडी टाका, जुनं यंत्र पुन्हा पळतं. मोडलं तरच लॅपटॉप. २०२२ चे ई-कचरा नियम मोठ्या ग्राहकाची व्याख्या हजार उपकरणांपासून करतात, आपण त्यात येत नाही. पण म्हणून रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका, वायर जाळून तांबं काढतात. नोंदणीकृत पुनर्चक्रीकरणवाल्याला द्या आणि हार्डडिस्क आधी पुसा, ग्राहकांचे पॅन क्रमांक तिच्यात आहेत.

कागदाची चर्चा ऑफिसात सगळ्यात जास्त होते. एक रीम म्हणजे जेमतेम सव्वादोन किलो. वर्षाला तीस रीम लागल्या तरी सत्तर किलो. प्रिंटरमध्ये दोन्ही बाजूंनी छपाई हाच मूळ पर्याय ठेवा आणि विषय संपवा. चहाच्या कागदी कपांना मात्र माफी नाही. आठ जण, दोन वेळचा चहा, वर्षाचे साडेचार हजार कप, आणि आतून प्लॅस्टिकचा थर असल्याने रद्दीतही न जाणारे. काचेचे दोन डझन पेले पाचशे-सहाशेत येतात. मावशींना धुवायचं काम वाढतं, तेव्हा पगारातही थोडं वाढवा. पिण्याच्या पाण्यासाठी आरओ की जार हा वाद पुण्याच्या पालिकेच्या पाण्यावर तरी निरर्थक आहे. खडकवासल्याच्या पाण्यात क्षार कमी. साधा यूव्ही फिल्टर पुरतो, आणि आरओतून लिटरमागे दोन-तीन लिटर नाल्यात जातं ते वाचतं. बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी.

एक आकडा तक्त्यात बसत नव्हता, पण सोलर सोडलं तर तक्त्यातल्या प्रत्येक पर्यायाला तो मागे टाकतो. ऑफिसातली एक व्यक्ती रोज बारा किलोमीटरवरून एकटी पेट्रोल कारने येत असेल तर वर्षाला साडेचारशे लिटर जळतं, लिटरला २.३ किलोप्रमाणे एक टन कार्बन डायऑक्साइड. नव्या एसीची बचत याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही नाही. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट मेट्रो सप्टेंबर २०२४ पासून मंडईवरून जाते. तेव्हा पार्किंगच्या भाड्याऐवजी मेट्रोच्या पासचे पैसे द्या. जुलै आणि सप्टेंबरच्या रिटर्नच्या धांदलीत हे कुणी ऐकणार नाही, डिसेंबरात विचारा.

तर हाताशी २० हजार असतील तर ट्यूब आणि पंखे. पन्नास हजार असतील तरी ट्यूब आणि पंखेच. उरलेले सोलरसाठी बाजूला ठेवा, एसीत गळती निघाली तरच मोडा. जागा स्वतःची आणि दोन लाख असतील तर वरचं सगळं करून मग सोलर. मात्र गच्ची सोसायटीची असते, त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत उरकतात. पंखे केव्हाही आणा, सेक्रेटरींना अर्ज आधी द्या.