पेट शॉपच्या चेनमध्ये चौदा महिने: म्हापशातला अनुभव

मी गोव्यातल्या डिचोलीची. बी.कॉम. झाल्यावर गेल्या वर्षी मे महिन्यात म्हापशातल्या एका पेट शॉपमध्ये लागले. दुकान एकट्या मालकाचं नाही, चेन आहे. ऑफिस परराज्यात, हिशेब तिकडे, आणि रोज सकाळी व्हॉट्सॲपवर त्या दिवसाचं टार्गेट येतं. चौदा महिने झाले, अजून तिथेच आहे. ओळखीतल्या तिघी-चौघींनी ‘जाऊ का?’ म्हणून विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आमच्याकडे कुत्र्या-मांजरांची पिल्लं विकत नाहीत. मासे, बजी (ज्यांना येणारा प्रत्येकजण लव्हबर्ड म्हणतो), हॅमस्टर आणि गिनीपिग एवढेच जिवंत प्राणी. बाकी खाणं, पट्टे, शाम्पू, औषधी पावडरी, आणि मागच्या खोलीत ग्रूमिंग, म्हणजे कुत्र्यांचे केस आणि नखं कापणं. मुलाखतीत एकच विचारलं होतं, प्राणी आवडतात का. आवडतात. पण पहिल्या महिन्यात प्राण्यांपेक्षा गोणींनाच हात जास्त लागला. डॉग फूडची मोठी गोण २० किलोची असते. गाडी आली की तशा तीस-चाळीस गोणी आत घ्यायच्या, जुन्या तारखेच्या पुढे आणि नव्या मागे लावायच्या. जूननंतर गोण भिंतीला टेकवून ठेवली की खालून ओल धरते, आणि उघडलेली असेल तर खाणं मऊ पडून खवट वास येतो. लोकांना सुटं हवं असतं, अर्धा किलो, एक किलो. म्हणून उघडलेली गोण लगेच झाकणाच्या डब्यात ओतायची, हा नियम आम्ही आपणहून केला. कमरेचा त्रास असेल तर ही नोकरी धरू नका.

पगार १६ हजार. पीएफचे १८०० आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) १२० कापून हातात १४ हजार ८० येतात. कापलेले पैसे भरले जातात का ते मी पीएफच्या पासबुकात दर महिन्याला बघते. आजवर चुकलेले नाहीत, आणि ही गोष्ट मी चेनच्या बाजूने मोजते. वेळ सकाळी साडेअकरा ते रात्री नऊ. आठनंतर म्हापशाहून अस्नोड्यामार्गे डिचोलीला जाणाऱ्या बसचा भरवसा नसतो. तिसऱ्याच महिन्यात हप्त्यावर स्कूटर घ्यावी लागली, तिचा हप्ता पगारातून जातो. हिशेब करताना हे धरा.

दिवसभर उभं राहावं लागतं. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यावी असा कायदा केला. हे मला एका गिऱ्हाईक काकीने सांगितलं, त्या तिकडच्या. आमच्या काउंटरमागे स्टूल यायला सात महिने लागले.

आता मासे. यावरच मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे.

गेल्या जुलैतला शनिवार होता. संध्याकाळी साडेसहाला जोराच्या वाऱ्यात लाईट गेली. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, त्यामुळे दिवे आणि बिलाचं मशीन चालू राहिलं आणि कुणाच्या काही लक्षात आलं नाही. साधारण पाऊण तासाने मी जाळी घ्यायला मागे वळले तर गोल्डफिशच्या टाकीतले सगळे मासे वर आले होते. तोंडं पाण्याबाहेर काढून उघडमीट करत होते. माशांच्या टाक्यांचे हवेचे पंप इन्व्हर्टरवर नव्हतेच! त्यांची वायर साध्या लाईनवर होती. टाकी दाटीची, पाणी कोमट. कोमट पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो. पंप थांबला की अशा टाकीत फार वेळ उरत नाही.

मी आणि वॉचमन काका, दोघांनी पाण्याचे मग हातात घेतले. टाकीतलं पाणी मगात घ्यायचं आणि हात उंच करून वरून परत टाकीत ओतायचं, म्हणजे पडताना हवा मिसळते. टाक्या दहा, माणसं दोन. मॅनेजर काउंटरवर होता, रांग होती, त्याने तिसऱ्याला सोडलं नाही. मी त्याला म्हटलं, बिलाचं मशीन काढून ती एक्स्टेंशन पंपाला देऊया. तो म्हणाला, शनिवार आहे. लाईट आली सव्वाआठला. माझे दोन्ही खांदे भरून आले होते. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मिळून ३१ मासे गेले. त्यात गोल्डफिश जास्त. बेटा आणि गुरामी जातीचे मासे सगळे वाचले, कारण त्यांना वरची हवा थेट घेता येते. रजिस्टरमध्ये ‘मॉर्टॅलिटी’ म्हणून एक रकाना असतो, तिथे मी ३१ लिहिलं. कारणाचा रकाना नाही. मी समासात लिहिलं: पंप इन्व्हर्टरवर नाहीत. घरी गेल्यावर आईने जेवायला वाढलं, मला काही जाईना.

त्यानंतर लगेच काही झालं नाही. मी फोटो काढून ऑफिसला पाठवले, उत्तर आलं ‘नोटेड’. वायर बदलायला इलेक्ट्रिशियनचं दोन तासांचं काम होतं. ते जानेवारीत झालं, नव्या मॅनेजर आल्या तेव्हा.

या नोकरीत रोजची झुंज हीच आहे: तुम्हाला जे कळतं ते बोलायची मुभा आहे की नाही. शुक्रवारच्या बाजाराला आलेले एक आजोबा नातीला घेऊन दुकानात शिरले. काचेचा गोल बाउल आणि दोन गोल्डफिश हवे होते. मी सांगितलं, बाबा, हा मासा वाढतो, हाताएवढा होतो, बाउलमध्ये मरेल. नव्या टाकीत माशांच्या घाणीचा अमोनिया साठतो, तो खाणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी टाकी लावा, पंप चालू ठेवून चिमूटभर खाणं टाकत राहा, मग मासे न्या. त्यांनी शांतपणे ऐकलं, ‘बरें सांगलें गो बाय’ म्हणाले आणि काही न घेता गेले. जुन्या मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं, ‘तू इथे विकायला आहेस की शिकवायला?’ चेनच्या स्वतःच्या लेबलच्या बिस्किटांचंही तसंच. पाकिटामागे पाच रुपये मिळतात. एका बाईंच्या लॅब्रॅडोरला मूत्रपिंडाचा आजार, डॉक्टरांनी पथ्याचं खाणं लिहून दिलेलं, आणि मला खूण होत होती की पाकीट दे. मी दिलं नाही. त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह बुडाला.

नव्या मॅनेजरांनी मला बोलावून विचारलं, तू गिऱ्हाईकांना नेमकं काय सांगतेस? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, लिहून दे, पाटी लावू. आज मराठी, कोकणी आणि इंग्रजीत ‘आधी टाकी, मग मासे’ अशी पाटी टाक्यांवर आहे. चेन तीच, टार्गेट तेच, माणूस बदललं. त्यामुळे अमुक चेन चांगली की वाईट हे मला सांगता येणार नाही, त्या शाखेचा मॅनेजर कोण ते बघा.

कायद्याच्या बाबतीत मात्र आमची चेन पहिल्यापासून कडक. ‘कीर आसा?’ (पोपट आहे का?) म्हणून आठवड्याला एक तरी येतो. आपला हिरवा पोपट किंवा तारांकित कासव विकणं आणि पाळणं, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गुन्हा आहे. लाल कानाचं परदेशी कासवही आम्ही ठेवत नाही. रुपयाएवढं दिसतं म्हणून लोक नेतात. ते वीतभर वाढतं, वीस-तीस वर्षं जगतं, मग तळीत नेऊन सोडतात.

ग्रूमिंगची खोली हा या नोकरीतला माझा सगळ्यात आवडता भाग. आमचा ग्रूमर बेळगावचा, वयाने मोठा, सगळे त्याला मामा म्हणतात. दुपारी गर्दी नसते तेव्हा मी आत मदतीला जाते. शित्झू कुत्र्याच्या कानामागे जट झाली की मामा ती ओढत नाही. कातडी आणि जट यांच्यामध्ये आधी फणी सरकवतो, मग फणीच्या वरून कात्री चालवतो, म्हणजे कातडी कापली जायची भीती कमी. काळ्या नखांत रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून तांदळाएवढा तुकडा कापायचा, कापलेल्या जागी मध्ये गडद ठिपका दिसला की थांबायचं. हे मी त्याच्या शेजारी उभी राहून शिकले. कोविडनंतर इथे राहायला आलेल्या बऱ्याच जणांकडे हस्की आहेत आणि एप्रिलमध्ये ‘उकडतंय, सगळे केस काढा’ म्हणतात. मामा काढत नाही. दुहेरी केसांच्या कुत्र्याला तेच केस उन्हापासून वाचवतात. तो आतला मेलेला थर विंचरून काढून देतो, पोतंभर निघतो. चारशे रुपये कमी मिळाले तरी चालतील म्हणतो.

ऑक्टोबरमध्ये ब्लोअरच्या आवाजाने बिथरून एक पॉमेरेनियन माझ्या अंगठ्याला चावला. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धरला आणि सरकारी इस्पितळात गेले. त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी लस. कुत्र्याचं लसीकरण झालेलं होतं, आणि गोवा २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित म्हणून जाहीर झालं आहे, तरी डॉक्टरांनी एकही डोस सोडू दिला नाही. कामावर लागतानाच, चावण्याआधी घ्यायचे डोस असतात, ते कंपनीने द्यायला हवे होते. आम्हाला कुणी दिले नाहीत. आता मी नव्या मुलीला पहिल्याच दिवशी तिकडे पाठवते.

आजारी पिल्लू घेऊन लोक सरळ दुकानात येतात. पार्व्हो (पिल्लांना उलट्या-जुलाब करणारा आजार) असेल तर त्याचा विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो, फिनाईलने मरत नाही, ब्लीचच लागतं. आमच्या साफसफाईच्या सामानात ब्लीच नव्हतं, ते आता आहे.

चवथीला (गणेश चतुर्थीला) दुकान दीड दिवस बंद असतं. पक्ष्यांना आणि गिनीपिगना सुट्टी नसते. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयारच होत नाही, त्याला रोज ताजी भाजी लागते. गेल्या चवथीला रोस्टरवर कुणाचंच नाव नव्हतं. घरी गणपती, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायची घाई, तशी मी सकाळी आरतीआधी स्कूटरने जाऊन खाणंपाणी करून आले. त्या फेरीचे पैसे मागितले तर ‘ड्युटी दाखवलेली नाही’ असं उत्तर आलं. यंदा आत्ताच नाव आणि दुप्पट हजेरी दोन्ही लिहून घेतलं आहे.

तुम्ही मुलाखतीला गेलात तर विचारा: सुट्टीच्या दिवशी प्राण्यांकडे कोण येतं, आणि लाईट गेली की पंप चालतात का. उत्तर देणारा अडखळला तर काउंटरमागे जाऊन वायर कुठे जाते ते स्वतः बघा.

आमच्या दहापैकी आठ टाक्या आता इन्व्हर्टरवर आहेत. दोन अजून साध्या लाईनवर, त्यांना बॅटरीचे पंप हवेत. मागणी दोनदा पाठवून झाली. पाऊस सुरू झालाय, सोमवारी तिसऱ्यांदा पाठवते. तोवर पाण्याचे मग त्या दोन्ही टाक्यांच्या शेजारीच ठेवलेत.