रेनॉक्स डीसीआर-२५०: तीन ऋतू सांदवाडीतल्या किड्यांवर

५५-२५० मिमी झूम लेन्सच्या तोंडावर क्लिपने बसणारी ही +८ डायॉप्टरची (भिंगाच्या ताकदीचं माप) क्लोजअप लेन्स. टेलिझूम घरात असेल तर वेगळ्या मॅक्रो लेन्सआधी हीच घ्यावी. मात्र फोटो चांगला की वाईट हे हिच्यापेक्षा फ्लॅशवरचा डिफ्यूजर, म्हणजे प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा, ठरवतो.

हिशेब सोपा आहे. हिची फोकल लेंग्थ १२५ मिमी. झूमचा फोकस इन्फिनिटीवर (सगळ्यात दूर) ठेवा, झूमचा आकडा भागिले १२५ म्हणजे मॅग्निफिकेशन. १२५ ला १:१ (किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा), २५० ला २:१ (दुप्पट). एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर २:१ म्हणजे चौकटीची रुंदी जेमतेम ११ मिमी. कुठल्याही झूमला किडा काचेपासून १२ सेंमीच्या आसपासच शार्प येतो, त्यामुळे अंतर हाताला बसून जातं. एक्स्टेन्शन ट्यूबचा (कॅमेरा आणि लेन्सच्या मधल्या पोकळ नळ्यांचा) ६८ मिमीचा सेट २५० वर पाव पटीचीच भर घालतो, वर प्रकाशही खातो. झूम फार खाली आणलं की मात्र कोपरे काळे पडतात. क्लिप ५२ ते ६७ मिमी फिल्टरवर बसते. ५८ मिमी तोंडासाठी ५८-४३ स्टेप-डाउन रिंग घेतली तर काच थेट आट्यांवर घट्ट बसते.

ऑटोफोकस बंदच ठेवा. २:१ ला एफ/११ वर शार्प पट्टा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा असतो. डाव्या हाताने फांदी धरायची, लेन्स त्याच मनगटावर टेकवायची आणि शरीराने पुढेमागे व्हायचं. फोकस डोळ्यावर. नवख्यांनी १:१ च्या वर जाऊच नये.

आता प्रकाश. कॅमेऱ्याच्या अंगच्या फ्लॅशपुढे लेन्सचीच सावली पडते, म्हणून बाहेरचा फ्लॅश लागतोच. टीव्हीच्या खोक्यातला पातळ पांढरा फोम घ्या, दोन थर, मध्ये ४-५ सेंमी पोकळी, कडेच्या पुठ्ठ्याला आतून चांदीचा कागद. एकाच थराने लेडीबर्डच्या पाठीवर पांढरा टिपका उमटतो आणि मुंगळ्याचं डोकं टकलासारखं चमकतं. डिफ्यूजर लेन्सच्या तोंडापर्यंत पुढे आणा. किड्याला तो जितका मोठा दिसेल तितकी सावली मऊ. फार खाली वाकवला तर पानाला घासतो आणि चतुर उडतो.

सेटिंग: एम (मॅन्युअल) मोड, शटर १/२००, एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश मॅन्युअल १/८ ताकदीवर. हे सावलीसाठी. थेट उन्हात याच आकड्यांवर एकटं ऊनच फोटो एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) जास्त उजळतं, मग फ्लॅश आणि ऊन मिळून मिशांची दुहेरी प्रतिमा येते. मागचं काळं वाटलं तर किड्यामागे हातभर अंतरावर नव्हे, अगदी जवळ एखादं पान आणा.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सातनंतर किडे थांबत नाहीत. डिसेंबर-जानेवारीतल्या थंड सकाळी ते गारठून बसलेले असतात, तेव्हा २:१ जमतं. सराव रुईवरच्या पिवळ्या माव्यावर करा, तो पळत नाही. लिंबू-कढीपत्त्यावर लाइम बटरफ्लायच्या अळ्या: लहानपणी पाखराच्या शिटेसारख्या, शेवटी हिरव्यागार.

काचेला खरा धोका उन्हाळ्यातला कूलर. त्या खोलीत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. लेन्स दुसऱ्या खोलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात, निळ्या सिलिका जेलसोबत ठेवा. दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात कोरडे करून परत भरा.