अल्ट्रासॉनिक क्लीनर: सहा-सात महिने वापरून, स्टीलला मस्त, अॅल्युमिनियमला जपून

अंबडला आमचं छोटं सीएनसी जॉबवर्कचं शॉप आहे, जॉबवरचं (म्हणजे मशीनवर कापलेल्या भागांवरचं) कुलंट, म्हणजे कापताना वापरतात ते थंडावा देणारं पाणी-तेल, आणि बारीक चिप्स धुवायला 40 किलोहर्ट्झची टाकी घेतली, म्हणजे पाण्यात कानाला न ऐकू येणारा आवाज (साउंड) सोडून धुणारी, हीटर सकट. एमएसचे (साध्या स्टीलचे) जॉब कॉस्टिकच्या (कॉस्टिक सोड्याच्या) गरम पाण्यात टाकले की ब्लाइंड होलमधला (आरपार नसलेल्या भोकातला) कचरा पण बाहेर येतो, ब्रशने हे कधीच जमलं नसतं, त्यामुळे पैसे वसूल आहेत हे आधीच सांगतो.

पण अॅल्युमिनियमचा विषय वेगळा. तेच पाणी, तेच टेंपरेचर, साउंड बंद असेल तर जॉब हळूहळू मळकट होतो, चालू केला की बघता बघता करडा काळा पडतो, अंगावरून बुडबुडे सुटतात आणि बोट फिरवलं तर काळी पूड हाताला लागते. ही पूड म्हणजे अलॉयमधलं सिलिकॉन, तांबं, लोखंड, जे कॉस्टिकमध्ये विरघळत नाही. अॅल्युमिनियमला त्याच्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर वाचवतो, तो साधारण पीएच 4 ते 8.5 मध्येच टिकतो आणि कॉस्टिक तर 12-13 ला, मग थर गेला की धातू पाण्याशी रिअॅक्ट होऊन हायड्रोजन सोडतो. साउंडने दाब सेकंदाला 40 हजार वेळा वरखाली होतो, बारीक पोकळ्या तयार होऊन फुटतात, त्यामुळे जॉबला चिकटलेलं वापरलेलं पाणी हटून ताजं कॉस्टिक सारखं भिडत राहतं आणि पूड सुद्धा झडते, म्हणजे धातू खाल्ला जाणं थांबवायला काही उरतच नाही. जस्ताच्या डायकास्टिंगला पण हाच धोका.

लोखंडाचं उलटं, पीएच 10 च्या वर त्याच्यावर घट्ट थर बसतो, म्हणून तर काँक्रीटमधली सळई टिकते. फक्त साध्या पाण्यात खंगाळून तसाच ठेवला की गंज चढतो, लगेच हवा मारून डिवॉटरिंग ऑइल (पाणी हटवणारं तेल) लावायचं.

आता अॅल्युमिनियमला न्यूट्रल किंवा सिलिकेटवालं सौम्य क्लीनर वापरतो, सिलिकेट पृष्ठभागावर बसून धातूला वाचवतं, पीएच पट्टीने चेक करतो आणि दोन धातू एका बास्केटमध्ये नाहीत. जॉब तळाला टेकवू नका, टाकीचा पत्रा खराब होतो. घेण्याआधी दुकानात चालू टाकीत अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा मिनिटभर उभा धरून बघा, सगळीकडे सारखी भोकं पडली तरच मशीन घ्या.