लालबागच्या मावशींची खाणावळ

भारतमाता टॉकीजच्या मागच्या अंगाला, चाळीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ही खाणावळ चालते. दाराला पाटी नाही. 'मावशींकडे जेवायचंय' म्हटलंत की कोणीही वाट दाखवतं. माझं ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारातल्या काचेच्या इमारतीत. दर शुक्रवारी तिथून चालत येतो.

बांगड्याचं ताट 180 रुपयांना. एक तळलेला बांगडा, कालवण, दोन तांदळाच्या भाकऱ्या, भात, सोलकढी. वाटण मिक्सरचंच, पण तिरफळं मावशी शेवटी हलकी ठेचून टाकतात, त्यामुळे वाटी समोर आली की आधी तोच वास येतो. भाकरी उकड काढून केलेली. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतात, उलटतात, मग थेट आचेवर. टम्म फुगलेली भाकरी ताटात पडते तेव्हा तिला बोट लावण्याची सोय नसते. सोलकढी मात्र पातळ असते, दोनदा सांगून झालं.

चार जणांच्या बाकावर सहा जण बसतात. परवा माझ्या एका बाजूला केईएमच्या दोन नर्स, दुसऱ्या बाजूला कुरिअरचा मुलगा. मावशींचा प्रश्न एकच, भाकरी की चपाती.

गेल्या वर्षी भाड्याचं घर शोधताना एजंटने आधी आडनाव विचारलं आणि लगेच, "मासे खाता का?" दोन घरं अशी हातची गेली. बायको म्हणाली, नाही खात म्हणून सांगून टाका. माझ्याच्याने ते झालं नाही.

आजोबा कणकवलीहून येऊन गिरणीत लागले. एका खोलीत बारा जण, पाळ्या लावून झोपायचे, आणि जेवण महिन्यावर खाणावळीत. पगाराच्या दिवशी पहिले पैसे खाणावळवालीचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा तिने कित्येक महिने उधारीवर जेवू घातलं, हे आजोबा मरेपर्यंत सांगत. तिच्यासारख्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं, सावकाराच्या तावडीतून त्या सुटाव्यात, म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. गिरणगावाच्या इतिहासात या बायकांना फार कमी जागा मिळाली, याचं मला वाईट वाटतं.

तो काळ सगळा चांगला होता असंही नाही. विणकाम खात्यात दलित कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला, धागा तोंडाने ओढावा लागे आणि तो उष्टा धोटा बाकीच्यांना चालत नसे. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. खाणावळीतही माणसं गाव आणि जात धरूनच बसायची. आज त्याच लालबागमध्ये कुरिअरच्या मुलाने न विचारता माझ्या वाटीत त्याच्या ताटातली तुकडी टाकली, आणि मी ती खाल्ली.

पंखा एकच आहे, उन्हाळ्यात घामाघूम व्हाल. यूपीआय चालतं. दोननंतर फक्त डाळभात उरतो. शुक्रवारी तिसऱ्या (शिंपल्या) असतात, त्यासाठी साडेबाराच्या आत पोहोचा.