वसंत-संगीताची पेटी, पाच महिन्यांनंतर: कुत्रा पास, पाऊसनळी नापास

लहान मुलांसाठीच्या संगीत-खेळण्यांची ही पेटी घरी आली तेव्हा थोरली साडेपाच वर्षांची होती आणि धाकटा सव्वादोनचा. पालवी नुकती कुठे फुटत होती. आता वसंत सरून कितीतरी दिवस झाले. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो, दुसऱ्या महिन्यात फार तर दोन दिले असते. आज साडेतीन देतोय. अर्धा का कापला ते पाऊसनळीपाशी येईल.

आत काय येतं ते आधी सांगतो. आठ पट्ट्यांचा मेटॅलोफोन (धातूच्या पट्ट्या काठीने ठोकून वाजवायचं वाद्य) आणि त्याच्या दोन काठ्या, अंड्याच्या आकाराचे चार खुळखुळे, सहा झिरझिरीत रुमाल, एक पाऊसनळी (उलटी केली की आतले मणी सरसरत खाली येतात ती), 24 कार्डं आणि क्यूआर कोडवरून उघडणारी ऐकायच्या संगीताची यादी. खोक्यावर ‘वय 3 ते 7’ असं छापलंय. धाकटा त्यात बसत नव्हता हे दिसत होतं, पण घरात दोन मुलं असली की कुठलंच खेळणं एकट्याचं राहत नाही.

यादी ‘वसंत’ या एका शब्दावरून जमवलेली आहे आणि ते लगेच कळतं. गोड, झुळझुळत्या तुकड्यांच्या मधोमध रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीचं वसंतावरचं बॅले-संगीत! 1913 साली पॅरिसमध्ये त्याच्या पहिल्याच प्रयोगाला प्रेक्षागृहात गोंधळ झाला होता, आणि इथे ते ‘शांत दुपारसाठी’ या गटात. तंतुवाद्यं एकच कर्कश स्वरसमूह ठोकत राहतात आणि आठ हॉर्न भलत्याच ठिकाणी जोर देतात, तो भाग सुरू झाला तसा धाकटा सोफ्यामागे गेला. थोरली मात्र पाय आपटत खोलीभर फिरली आणि ‘परत’ म्हणाली. म्हणजे तुकडा वाईट नाही, जागा चुकली. यादी लावून स्वयंपाकघरात जाणार असाल तर एकदा स्वतः ऐकून घ्या.

खरी कमाई झाली ती इटालियन संगीतकार विवाल्दीच्या ‘वसंत’ या व्हायोलिनच्या रचनेत. पहिला भाग लागताच थोरली म्हणाली, “हे तर फोनवर थांबायला लावतात ते!” संपलं, पुढे ऐकेना. कार्डावर सूचना होती: ‘रुमाल हलवत फुलासारखे उमला.’ दोन दिवस उमललो. तिसऱ्या दिवशी कंटाळून मी दुसरा, संथ भाग लावला आणि तिला एवढंच सांगितलं, की यात एक कुत्रा लपलाय, शोध.

हे मी मनाचं सांगितलं नव्हतं. 1725 साली छापलेल्या या रचनेसोबत एक सुनीत आहे, आणि त्यातल्या गोष्टी वादकांसाठी स्वरलिपीत जागोजागी लिहून ठेवल्या आहेत. दुसऱ्या भागात शेळ्या राखणारा झोपलाय, ते एकल व्हायोलिन. पानं सळसळतायत, ती बाकीची व्हायोलिनं. आणि व्हायोला (व्हायोलिनचा जरा मोठा, खालच्या आवाजाचा भाऊ) सगळा वेळ दोन-दोन स्वरांत भुंकत राहतो. तो नेहमी खूप जोरात, ओरबाडल्यासारखा वाजवावा, अशी विवाल्दीची स्पष्ट सूचना आहे. पेटीतल्या कार्डावर कुत्र्याचा उल्लेखही नाही. इतकी तयार गंमत हातात असताना रुमाल हलवायला सांगणं मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडे या भागाचं नाव ‘कुत्रा’. “बाबा, कुत्रा लाव ना.” तो आहे जेमतेम तीन मिनिटांचा, त्यामुळे मोठ्यांच्याही सहनशक्तीत बसतो. किती वेळा लावला असेल याची मोजदाद सोडून दिली. तीनेक आठवड्यांनी तिने आपणहून सांगितलं, “मागे काहीतरी हलतंय, कुत्र्याच्या मागे.” पानं सापडली होती. मग एकदा प्रश्न आला, की एवढा भुंकतोय तर तो माणूस उठत का नाही. मला उत्तर देता आलं नाही. पण कानाला धरायला एक आवाज दिला की बाकीचे ती स्वतः शोधते, हे तेव्हा पक्कं झालं आणि पुढे सगळी पेटी मी तशीच वापरली.

बेथोव्हेनच्या सहाव्या सिंफनीतला ओढ्याकाठचा भाग यादीत अख्खा आहे. बारा-तेरा मिनिटं सव्वादोन वर्षांच्या पोराला कोण बसवणार? पक्षी आहेत अगदी शेवटी: नाइटिंगेल बासरीवर, लावा पक्षी ओबोवर, कक्कू क्लॅरिनेटवर. शेवटचं दीड मिनिट लावा, पुरे.

या कक्कूवरून पेटीच्या मराठी कार्डांत घोळ झालाय. मूळ कार्डात कक्कूची हाक आहे, वरून खाली उतरणारी, साधारण प–ग. मुलं लांबून कुणाला हाक मारतात तेव्हा हेच अंतर आपसूक तोंडात येतं, म्हणून खेळ छान आहे. मराठीत मात्र ‘कोकिळा’ लिहून खाली कोकिळेचं चित्र टाकलंय. कोकीळ त्याच कुळातला खरा, पण त्याची हाक खालून वर चढत जाते. शिवाय ती ‘कुहू’ नराची. थोरलीने एकदा खरा कोकीळ ऐकलेला होता. तिने कार्ड बघून सरळ निकाल दिला: “हा उलटा गातोय.” भाषांतर करताना कुणी कान वापरला नाही, एवढंच म्हणतो.

यादीत भारतीय काही नव्हतं, ते मी घातलं. बसंत रागातला विलंबित ख्याल दोघांनीही फेटाळला, आलाप सुरू असतानाच पळाले. बहार रागातला द्रुत तराणा मात्र चालला, कारण त्यातले बोल धाकट्याला आपल्याच भाषेतले वाटले.

मेटॅलोफोनबद्दल दोन गोष्टी. ‘नि’ची पट्टी चढी आहे, फोनवरच्या ट्यूनरने तपासलं. त्यावर उपाय कार्डातच सापडला, तोही चांगला: म आणि नि काढून ठेवा. या मेटॅलोफोनच्या पट्ट्या सुट्या निघतात. लहान मुलांना संगीत शिकवायच्या ऑर्फ पद्धतीत हेच करतात. उरतात सा रे ग प ध आणि वरचा सा, म्हणजे भूप रागाचे स्वर. मग धाकटा कुठेही ठोकू दे, खटकत नाही. दोघं एकदम वाजवतायत आणि मी चहा पितोय, असं या पेटीमुळेच घडलं. चढी पट्टी पाच महिने खोक्यात पडून आहे.

काठीचं रबरी टोक दीड महिन्यात निघालं, आणि ते तोंडात मावेल एवढं आहे. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर दर आठवड्याला ओढून बघा. आणि पाऊसनळी. तिसऱ्या आठवड्यात तिचं एका बाजूचं बूच निखळलं आणि सगळा पाऊस फरशीवर आला. धाकट्याच्या मुठीतून तीन मणी काढले, बाकीचे अजून सोफ्याखाली सापडतात. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं, की नळी ‘मोठ्यांच्या देखरेखीखाली’ वापरायची होती. देखरेख करणारा मीच होतो, एका हाताच्या अंतरावर. तो अर्धा तारा तिथे गेला.

तिच्या जागी पेले आले. पाणी भरलेल्या पेल्यावर चमचा वाजवला तर पाणी वाढेल तसा आवाज खाली जातो. बाटलीच्या तोंडावर फुंकलं तर पाणी वाढेल तसा वर चढतो. थोरलीला हे न्याय्य वाटलं नाही. एकात काच-पाणी थरथरतं, दुसऱ्यात हवा, हे समजावून झालं, तरी ती रोज खात्री करून घेते.

यादी ज्यात उघडते त्या अ‍ॅपबद्दल थोडक्यात: दोन दुवे मेलेले, आणि सुरू होतं ते पूर्ण आवाजात. हेडफोन देणार असाल तर जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी 75 डेसिबल, आठवड्याला 40 तास अशी मर्यादा सुचवली आहे. आम्ही स्पीकरच लावतो, आजी पलीकडून बोलली तर ऐकू येईल इतपत.

चोवीसपैकी एक कार्ड मात्र खरंच उत्तम. खिडकीपाशी दोन मिनिटं गप्प बसायचं आणि ऐकू येईल त्या प्रत्येक आवाजाला एक बोट उघडायचं. पहिल्या दिवशी चार बोटं: पंखा, गाडी, कावळा, आजीचा खोकला. मग आम्ही ते पहाटे करायला लागलो, कारण विणीच्या हंगामात पक्षी उजाडताना सगळ्यात जास्त गातात. ऐन वसंतात तिची दहा बोटं संपून ती भावाची उघडायला लागली. तो झोपेत असायचा.

गेल्या महिन्यात बोटं कमी व्हायला लागली. परवा तर तीनच. “कुठे गेले सगळे?” मी सांगितलं, की आहेत इथेच, आता पिल्लं झालीत, त्यांना भरवण्यात गायला वेळ मिळत नाही.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. “म्हणजे आईबाबा झाले की गात नाहीत?”

मी कुत्रा लावला.