स्पिन फिनिश मोजायला एनएमआर घ्यावं की एनआयआर?

पॉलिस्टर स्टेपलवर (आखूड कापलेल्या तंतूवर) स्पिन फिनिश, म्हणजे तंतू बनवताना त्याला लावलेलं तेल, असतं वजनाच्या साधारण ०.१ ते ०.२ टक्के. एवढंसं तेल कमी पडलं की कार्डिंगला (तंतू विंचरताना) स्थिर वीज तयार होते नि तंतू रोलरला गुंडाळतात (लॅपिंग). जास्त झालं की रोलर चिकटतात. सॉक्सलेटने (द्रावकात तेल उतरवून, द्रावक उडवून उरलेलं तोलायच्या पद्धतीने) मोजायचं तर १० ग्रॅम नमुन्यातून जेमतेम १५ मिलिग्रॅम तेल निघतं आणि तेही शंभरेक ग्रॅमच्या फ्लास्कसकट तोलायचं. काचेला दीड मिलिग्रॅम दमटपणा चिकटला की उत्तर दहा टक्क्यांनी हुकलं. द्रावक चुकीचा निवडला तर तेलाबरोबर पॉलिस्टरचे ऑलिगोमर (छोट्या साखळीचे रेणू) ही उतरतात. द्रावकाला हात न लावता मोजायचं तर मुख्य पर्याय दोन.

पहिला, टेबलावर मावणारा टाइम-डोमेन एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनच्या केंद्रकांचा सिग्नल मोजणारं यंत्र. तंतूतले हायड्रोजन जखडलेले असतात, त्यांचा सिग्नल काही दहा मायक्रोसेकंदांत विरतो. तेलातले मोकळे असतात, त्यांचा कितीतरी जास्त वेळ टिकतो. तंतूचा सिग्नल विरल्यावर उरतो तो तेलाचा. म्हणूनच डाय, टायटॅनियम डायऑक्साइड (चमक कमी करणारी भुकटी) किंवा डेनियर (तंतूची जाडी) बदललं तरी मोजणी फारशी हलत नाही. नमुना तोलायचा, ट्यूबमध्ये ठरलेल्या उंचीपर्यंत दाबून भरायचा, ४० अंशांच्या ब्लॉकमध्ये १५-२० मिनिटं ठेवायचा. मोजणी मिनिटाच्या आत होते. चुका होतात त्या इथेच. नमुना उंचीच्या खुणेच्या वर गेला की वरचा भाग चुंबकाच्या समान क्षेत्राबाहेर राहतो नि तेल कमी दिसतं. नमुना गार असेल आणि फिनिश मेणचट असेल, तर ते घट्टच राहतं. त्याचा सिग्नल तंतूबरोबर विरून जातो.

कॅलिब्रेशनला (यंत्राचा सिग्नल तेलाच्या माहीत प्रमाणाशी जुळवायला) धुऊन वाळवलेला तंतू घ्या, त्यावर तोलून फिनिश टाका. २ ग्रॅम तंतूवर ०.१५ टक्के म्हणजे ३ मिलिग्रॅम, तेव्हा तराजू ०.१ मिलिग्रॅमचा हवाच. पाच-सहा पातळ्या पुरतात, कारण आलेख सरळ रेषेत येतो. मात्र फिनिश बदललं की कॅलिब्रेशन नवं, कारण प्रत्येक तेलात हायड्रोजनचं प्रमाण वेगळं. धुतलेला कोरा तंतू मोजायला विसरू नका: स्पॅन्डेक्स या ताणल्या जाणाऱ्या तंतूचा मऊ भाग स्वतःच तेलासारखा सिग्नल देतो.

खरी अडचण पाण्याची: त्यातले हायड्रोजनही मोकळे, म्हणून त्याचा सिग्नल तेलात मिसळतो. पॉलिस्टरमध्ये दमटपणा ०.४ टक्के, नायलॉनमध्ये ४, व्हिस्कोसमध्ये ११ ते १३. नायलॉन वाळवून मोजता येतो, पण वाळवताना फिनिशचा हलका भाग उडत नाही ना हे आधी तपासा. व्हिस्कोससाठी आम्ही ही पद्धत सुचवणार नाही.

दुसरा, एनआयआर, म्हणजे निअर-इन्फ्रारेड प्रकाश नमुन्यात किती शोषला जातो ते मोजणं. तेलाच्या सी-एच (कार्बन-हायड्रोजन) बंधांचे पट्टे १७२० ते १७६० नॅनोमीटरदरम्यान दिसतात, पाण्याचा १९४० जवळ. तोलायची गरज नाही, काही सेकंदांत तेल आणि दमटपणा दोन्ही एकदम मिळतात. हा मोठा फायदा. पण तंतूतही सी-एच बंध आहेतच, म्हणून एका पट्ट्यावर भागत नाही. पन्नासेक नमुन्यांचं बहुचल मॉडेल (अनेक तरंगलांबींवरून एकत्र उत्तर काढणारं गणित) बांधावं लागतं आणि त्या नमुन्यांचे संदर्भ-आकडे सॉक्सलेटवरच काढावे लागतात. ब्राइट (चमकदार) तंतूवर बांधलेलं मॉडेल सेमी-डलवर (चमक कमी केलेल्या तंतूवर) चुकतं, कारण प्रकाश वेगळा विखुरतो. कार्बन ब्लॅक घातलेला काळा तंतू प्रकाश गिळून टाकतो. तिथे एनआयआरचा उपयोग नाही.

एकच उत्पादन रोज टनांनी निघत असेल आणि दमटपणाही हवा असेल, तर एनआयआर. डेनियर, चमक, रंग सतत बदलतात पण फिनिश दोन-तीनच आहेत, तर निःसंशय एनएमआर. छोट्या प्रयोगशाळेलाही आमचं झुकतं माप एनएमआरलाच, कारण कॅलिब्रेशन एका दिवसात होतं आणि चूक झाली तर ती सापडते. एनआयआरचं मॉडेल बिघडलं तरी आकडे दिसायला व्यवस्थितच येत राहतात.

पैसे भरण्याआधी विक्रेत्याला स्वतःचे सहा नमुने द्या: एक कोरा, एक काळा, एक सेमी-डल, एक मुद्दाम दमट ठेवलेला आणि एकाच बॉबिनवरचे दोन, वेगळ्या नावाने.